आमचे घरमालक बोलायला शिकतात

माणसाचा स्वभाव एकदा पक्का झाला की शेवटपर्यंत तसाच राहतो, असं ज्यांचं ठाम मत आहे त्यांनी एकदा चेन्नईजवळ तांबरमला येऊन आमच्या घरमालकांना भेटावं. मात्र येताना हाताशी वेळ ठेवावा, कारण ते आता माणसाला सहजासहजी सोडत नाहीत. ‘आता’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. बँकेच्या बदलीवर मी सांगलीहून चेन्नईला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागले, तेव्हा या गृहस्थांना वाचा आहे की नाही याचीच मला शंका होती. जागा पाहायला गेले त्या दिवशी सगळी बोलणी त्यांच्या पत्नीने केली. कुटुंब मूळचं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वाढलेलं. “पाण्याची चिंता करूं नका, बाई. कपडे मात्र गच्चीवर वारा पाहून घालावें, नाहीं तर शेजारच्या नारळावर जाऊन बसतात,” अशी, आमच्या पणजोबांच्या पत्रांतून उठून आल्यासारखी मराठी, आणि तिला तमिळचा हेल. मी ऐकतच राहिले. मालक शेजारी वेताच्या खुर्चीत बसले होते. “आपल्या भाषेची मुलगी आहे. ठेवूं या ना?” असं काकूंनी विचारल्यावर त्यांनी डावी भुवई किंचित वर उचलली. “हो म्हणाले,” काकूंनी मला सांगितलं.

उभी हयात त्यांनी एका सरकारी कारखान्यात फोरमन म्हणून काढली होती. भोवती अष्टौप्रहर लेथ मशिनांचा खडखडाट, त्यामुळे तिथे सगळा व्यवहार खुणांनी चाले, आणि त्या खुणा घेऊनच ते घरी येत. बोट वर म्हणजे कॉफी, तळहात आडवा म्हणजे भात पुरे, मान डावीकडे म्हणजे कोणी तरी आलं आहे. काकूंना त्यांच्या मौनाचा राग नव्हता, उलट एक प्रकारचा अभिमानच होता. एकदा घरात शॉर्टसर्किट झालं, तेव्हा मालक संथपणे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि “धूर” म्हणाले. “कुठें, कशाचा, हें सगळें मीच शोधून काढलें,” हे सांगताना काकूंना हसू आवरत नसे. नात्यातली लग्नं, बारशी, आजारपणं, रुसवेफुगवे हे सारं खातं काकूंकडे. वेलचेरीत राहणाऱ्या मुलीचा रोज फोन यायचा तोही काकूंनाच. “अप्पा बरे आहेत, पेपर वाचतात,” असं त्या सांगत, आणि मालक पेपराआडून मान हलवत. जणू फोनवर मान दिसते.

मग काकू गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येकाकडे काकूंची एकेक आठवण होती. मालक भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी कोपऱ्यावरची फुलवाली आली, हमसून रडली आणि तमिळमध्ये म्हणाली की अम्मा रोज संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसायच्या, मोगऱ्याच्या वासाने त्यांचं डोकं दुखायचं, तरी गप्पांसाठी म्हणून एक गजरा घ्यायच्या आणि जाताना देवळात देऊन टाकायच्या. हे ऐकून मालकांचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. कारण लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी कारखान्यातून येताना न चुकता मोगऱ्याचा गजरा आणणारे ते होते, आणि दर शुक्रवारी काकू तो हसत हसत केसांत माळत होत्या.

महिनाभराने एका रविवारी सकाळी ते जिना चढून माझ्या दारात आले. मी त्यांना बसायला सांगितलं, पण ते बसले नाहीत. खूप वेळ कठड्याकडे पाहून म्हणाले, “बाई, मी बोलायला शिकणार.” “आमच्या घरांत एक माणूस बोलत होतें. तें गेलें. आतां टेलिफोन वाजत नाहीं. मी अजून पुष्कळ वर्षें जगेन, प्रकृती चांगली आहे. असाच जगूं कीं?” त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलेलं ते सगळ्यांत लांबलचक भाषण होतं, आणि ते संपल्यावर त्यांना चक्क घाम आला होता.

त्यानंतर जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. कारखान्यात नवं मशीन आलं की ते जसं शिकून घ्यावं, तसं त्यांनी संभाषण शिकायला घेतलं. सरावाचं पहिलं साधन मी. संध्याकाळी मी फाटक उघडलं की ते पुढे होऊन “आज बँकेंत काय झालें?” असं विचारत आणि उत्तर पूर्ण मिळेपर्यंत हलत नसत. ‘काही नाही’ हे उत्तर त्यांना चालत नसे. “इतका वेळ बँक उघडी होती, काहीं तरी झालेंच असेल.” मग मला आठवून आठवून सांगावं लागे. काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की आपण दुपारपासूनच त्यांना सांगण्याजोगं काही घडतंय का याच्यावर लक्ष ठेवून असतो.

पुढची पायरी शेअर ऑटो. त्यात माणसं अशी दाटीने बसतात की ओळख करून घेणं किंवा श्वास रोखणं एवढे दोनच मार्ग उरतात. मालकांनी पहिला धरला. त्याच्याही पुढची पायरी लोकल. तांबरमहून शेवटच्या बीच स्टेशनपर्यंत जायचं आणि त्याच गाडीने परत यायचं, काम काही नाही, केवळ बोलण्यासाठी. सुरुवातीला त्यांच्यापाशी विषय एकच होता, ग्रीस. कुठल्या बेअरिंगला कुठलं ग्रीस घालावं हे एका कॉलेजच्या मुलीने एग्मोरपर्यंत निमूट ऐकून घेतलं आणि उतरताना “थँक्यू, अंकल” म्हणाली. त्यांनी घरी येऊन मला विजयी मुद्रेने सांगितलं. पण रात्रभर विचार करून सकाळी स्वतःच म्हणाले, “चुकलेंच. ती काय शिकते तें मी विचारलेंच नाहीं.” इतका प्रामाणिक विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही.

विचारायला शिकले तेव्हा नवीन घोटाळे झाले, कारण आडवळणाने विचारतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिकीट तपासनिसाला त्यांनी तिकिटाबरोबरच “तुमचा चेहरा कां उतरला आहे?” असा प्रश्न दिला. तो माणूस आधी चिडला, मग शेजारी टेकला आणि त्याने क्रोमपेटपासून गिंडीपर्यंत भावाभावांतलं सगळं भांडण सांगितलं. आता तो पोंगलला उसाची मोळी घेऊन घरी येतो. समोरच्या घरातल्या बाईंना हे म्हणाले, “तुमचा कोलम रोज वांकडा येतो, पण मेहनत दिसते.” दोन दिवस त्या बाईंनी तोंड फिरवलं, आणि तिसऱ्या दिवशी अंगणात ठिपक्यांची अशी काही सरळ रांगोळी उठली की मालकांनी रस्त्यात उभं राहून टाळ्या वाजवल्या. नातेवाइकांचे नंबर काढून त्यांनी एकेकाला फोन लावायला घेतला. तंजावरच्या मेहुणीने “मी बोलतों आहें” हे शब्द ऐकले मात्र, किंचाळून विचारलं, “अय्यो! आतां कोण गेलें?” कोणी गेलं नाही, सहज फोन केला, हे पटवण्यात तो पहिला फोन संपला.

या सगळ्यात एक फोन मात्र जमत नव्हता. मुलगी आता फक्त रविवारी फोन करायची. “जेवलात? गोळी घेतलीत?” ती विचारायची, आणि जगाशी बोलणारा हा माणूस “हूं” आणि “हूं” एवढंच म्हणून फोन ठेवायचा. मी एकदा कारण विचारलं. “तिथें गंज जुना आहे,” ते म्हणाले आणि विषय बदलला. मालकांनी विषय बदलला, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

त्या वर्षी कार्तिकात पाऊस कोसळला आणि वेलचेरीत पाणी भरलं. तिथले लोक सरावलेले, ढग पाहूनच गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवतात. पण घर काही पुलावर नेता येत नाही. मुलीचा फ्लॅट तळमजल्यावर. ती आणि तिचा नवरा चार पिशव्या घेऊन तांबरमला आले. जावई तमिळ, तिच्याच ऑफिसातला, अतिशय सौम्य माणूस. पहिल्याच संध्याकाळी मालकांनी त्याला गाठून त्याच्या आईच्या गुडघ्यांपासून त्याच्या बॉसपर्यंत सगळी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी दूधवाला, कोलमवाल्या बाई, तपासनीस, सगळे पावसात छत्री धरून पाण्याची बातमी विचारायला येऊन गेले. मुलगी हे सारं पाहत होती. आपल्या बापाच्या घरात कोणी परका माणूस राहायला आला असावा, तशी ती त्यांच्याकडे बघत होती.

तिसऱ्या दिवशी मी उपमा घेऊन खाली गेले, तर मालक फाटकाशी दूधवाल्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलत होते. “पोरीला मुलगा पसंत आहे ना? मग तिला तोंडानें हो म्हणून सांग. नुसता बसूं नको,” असं ते त्याला तमिळमध्ये बजावत होते. ते घरात आले आणि मुलगी उठून उभी राहिली.

“पोदुम, अप्पा!” ती म्हणाली. पुरे झालं. “दूधवाल्याला हें शिकवता? मी तुमच्या समोर उभी राहून विचारलें होतें, ह्यांच्याशी लग्न करूं का? तुम्ही पेपर उलटला. मी सकाळपासून दुपारपर्यंत थांबलें, अप्पा. लग्नांत तुम्ही खांबासारखे उभे होतां. इतकी वर्षें मी समजून आहें कीं तुम्हांला हें लग्न नको होतें. आणि अम्मा! अम्मा भिंतीशी बोलल्यासारखी तुमच्याशी बोलली. आतां सगळ्या तांबरमशी बोलता? आम्हीं काय केलें होतें?”

जावई खिडकीकडे वळला. मी हातातली ताटली कुठे ठेवावी ते शोधत होते. मालक खुर्चीत बसले आणि गप्प झाले. ते जुनं, मला माहीत असलेलं गप्प. मला वाटलं, संपलं, इतक्या महिन्यांची सगळी मेहनत पाण्यात गेली.

मग ते बोलू लागले, अगदी हळू, शब्द एकेक करून जागेवर बसवत. “तूं विचारलेंस तेव्हां मला सरी, हो, म्हणायचें होतें. शब्द इथपर्यंत आला,” त्यांनी गळ्याला हात लावला, “आणि राहिला. मग मी सेकंड शिफ्टला गेलों. सगळीं मशिनें चालू होतीं. लेथसमोर उभा राहून मी मोठ्यानें ओरडलों, माझी पोर लग्न करते आहे, मुलगा चांगला आहे! पुष्कळ वेळां ओरडलों. मी सगळें तिथेंच बोलत असें. तूं पास झालीस तेंही. तिथें कोणाला ऐकूं येत नसे, म्हणून बोलतां येई.”

मुलगी खाली बसली. “अम्माला सांगितलेंत?”

“तिला न सांगतां कळतें, असें मी धरून चाललों. तें चुकलें. तिच्या बाबतींत आतां दुरुस्ती नाहीं.” मग ते जावयाकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, “तुम्ही आमच्या घरी जावई म्हणून आलांत, मला फार आनंद झाला होता. सांगायला उशीर झाला.” त्या सौम्य माणसाने चष्मा काढून पुसला.

मुलगी काही धावत जाऊन वडिलांच्या गळ्यात पडली नाही. तिने डोळे पुसले आणि स्पष्ट सांगितलं, “मला अजून राग आहे, अप्पा.”

“असूं दे,” मालक म्हणाले. “राग ठेवून बोल. पण बोल.”

पाणी ओसरलं, ती दोघं परत गेली. आता तिचा फोन रोज येतो आणि बहुतेक वेळा त्यात भांडण असतं. जुनी एकेक गोष्ट ती उकरून काढते, हे खुलासे देतात, चुकलं असेल तिथे कबूल करतात, कधी कधी दोघांचाही आवाज चढतो. वर मला सगळं ऐकू येतं आणि मी रेडिओ बंद करून ठेवते. मी चाळिशी ओलांडली आहे, माझ्याही आयुष्यात न बोललेल्या दोन-चार गोष्टी आहेत. ज्या वयात लोक देवळाच्या पायरीवर बसून जुन्या दिवसांचा हिशेब मांडतात, त्या वयात या माणसाने स्वतःला खोलून, पुसून, पुन्हा जोडायला घेतलं, याचं मला रोज नव्याने कौतुक वाटतं.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं गच्चीवर उभे होतो. एअरफोर्सचं विमान डोक्यावरून गेलं, आवाज विरला, आणि मी धीर करून विचारलं, “काका, काकू आत्ता समोर आल्या तर त्यांना काय सांगाल?” मला वाटलं, तासाभराचं उत्तर मिळणार.

“काहीं सांगणार नाहीं, बाई,” ते म्हणाले. “तिलाच बोलूं देईन. ती बोलत असे तेव्हां मी गप्प असें, म्हणून मला वाटे कीं मी ऐकतों आहें.”

खाली रस्त्यावर दिवे लागत होते. ते आणखी काही बोलतील म्हणून मी थांबले, पण त्या संध्याकाळी ते बोलले नाहीत, आणि मीही त्यांना बोलतं केलं नाही.