भामरे मास्तर आणि मुलींचा मैदानाचा तास

भामरे मास्तरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. नंदुरबारच्या आमच्या शाळेत मुलींच्या वर्गांची मुख्य शिक्षिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. माझ्या पेट्यासुद्धा अजून उघडायच्या होत्या. वर्गाच्या दारात धोतर, बंद गळ्याचा कोट आणि गळ्यात शिट्टी अशा वेशाचे एक गृहस्थ येऊन उभे राहिले.

"बाई, मी ड्रिल मास्तर. तुमच्या मुली मला रोज एक तास द्या."

"कशाला?"

"त्यांना पळता येत नाही."

"पळून जायचं कुठं आहे त्यांना?"

"जायचं कुठंच नाही, बाई. पण पळता आलं पाहिजे."

मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. आमचा व्यायाम म्हणजे संध्याकाळी दोन-दोनच्या रांगेत भिंतीपर्यंत जायचे आणि परत यायचे. पुढे एक सिस्टर, मागे एक सिस्टर. बुटाची टाच जोराने वाजली तरी कोणीतरी मागे वळून बघे. मास्तरांचे उत्तर ऐकले आणि त्या भिंतीची आठवण होऊन मी तास देऊन टाकला. मिडल स्कूलच्या, म्हणजे इंग्रजी पहिली ते तिसरीच्या मुलींचा मैदानाचा तास असा सुरू झाला.

आता साठीनिमित्त मास्तरांचा सत्कार करायचे आणि हा गौरवग्रंथ काढायचे शाळेच्या कमिटीने ठरवले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या बैठकीत हे ठरले त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला: मास्तर निवृत्त होताच मुलींचा मैदानाचा तास बंद करून ती वेळ भरतकामाला द्यावी. माणसाला शाल पांघरवायची आणि त्याचे काम गुंडाळून ठेवायचे, हे एकाच चहाच्या कपावर ज्यांना सुचते त्यांच्यापुढे मी हात टेकले. म्हणून हा लेख मी मास्तरांच्या गौरवासाठी लिहीत असले तरी त्या तासासाठीही लिहीत आहे. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

मास्तरांच्या कामाची पद्धत सांगते. आमच्या मैदानात सराट्यांचे काटे फार. मुलगे चपला घालून येत, मुली बहुतेक अनवाणी. मास्तर घंटेच्या आधी येऊन उकिडवे बसत आणि मुलींच्या भागातले सराटे वेचून धोतराच्या सोग्यात गोळा करीत. शिपायाला का सांगत नाही, असे मी एकदा विचारले. म्हणाले, "शिपाई झाडतो, बाई. सराटा झाडून जात नाही."

तास सुरू झाल्यावर पहिली तक्रार कापडवाल्या शेठजींची आली. त्यांचे घराणे मूळचे मारवाडचे. मुलगी केसर आमच्या दुसरीत. शेठजी माझ्या टेबलासमोर बसले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाईसाहेब, छोरी मर्द माणसासमोर लंगडी खेळते म्हणून गावात समजलं, तर तिचं लगन कसं होणार?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले होते, आणि ते उत्तर शेठजींना झेपले नसते. मास्तरांनी मला थांबवले. "शेठ, मी बघणार नाही. मग चालेल?"

दुसऱ्या दिवसापासून मुली लंगडी खेळत आणि मास्तर त्यांच्याकडे पाठ करून, कंपौंडाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहत. खात्री करून घ्यायला शेठजी कुंपणापलीकडे येऊन थांबले. डाव रंगात आला असता भिंतीकडे बघतच मास्तर अहिराणीत ओरडले, "केसर! तुन्हा पाय टेकना!"

"नही टेकना, मास्तर!"

"टेकना. माले ऐकू उना. बाहेर निघ."

केसर पाय आपटत बाहेर आली. कुंपणापलीकडे शेठजी पोट धरून हसत होते. पुन्हा त्यांनी तक्रार केली नाही.

मास्तरांच्या घरचा मोठेपणाही सांगितला पाहिजे. आमची विद्यार्थिनी मार्था गावित ही खांडबाऱ्याजवळच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची मुलगी. गावात तिला राहायला जागा मिळेना. मास्तरांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. आळीत कुजबुज सुरू झाली, ती वाढून दारापर्यंत आली. मास्तरांच्या पत्नी तानूबाई उंबऱ्यावर येऊन म्हणाल्या, "मन्ही चूल मी सांभाळस. तुम्ही तुमनी सांभाळा." एवढे बोलून त्या आत गेल्या आणि मार्थाला वाढायला बसल्या. शाळेत समतेवर भाषणे करणारे पुष्कळ पाहुणे मी ऐकले. त्यांतल्या कोणाच्या घरी मार्था जेवली असती, याची मला शंका आहे.

ड्रिलमध्ये सगळ्यात मोठी अडचण उजव्या-डाव्याची. मुली घरी कोणी अहिराणी बोलणाऱ्या, कोणी इकडच्या डोंगरातली कोकणी, कोणी भिली, केसरसारख्या मारवाडी. 'उजवीकडे' म्हटले की निम्मी रांग एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे वळे, नाकाला नाक लागे आणि हसण्यात तास संपे. मास्तरांनी अहिराणीतला शब्द घेतला. आपल्याकडे उजव्या हाताला जेवना हात म्हणतात, ज्याने जेवायचे तो. जेवताना कोणती मुलगी चुकते? "पोरीस्वन, जेवना फिर!" असा हुकूम सुटला की सबंध रांग एका अंगाने वळू लागली.

मग तपासणीला एक डेप्युटी साहेब आले. पुण्याकडचे, स्वच्छ उच्चारांचे. मास्तरांनी छाती फुगवून हुकूम दिला, "जेवना!" साहेबांनी खिशातून घड्याळ काढून माझ्याकडे बघितले. "बाई, मुलींना इतक्या लवकर जेवायला सोडता?"

मी खुलासा केला. ते हसले असते तर मी त्यांना माफ केले असते. पण ते म्हणाले, ही गावंढळ भाषा शाळेत चालणार नाही, हुकूम इंग्रजीतच हवेत. पुढच्या खेपेला सुधारणा दिसली नाही तर मुलींचे ड्रिल बंद करण्याची शिफारस करीन. ते गेल्यावर मी मास्तरांना म्हटले, आपण वर लिहू, भांडू. मास्तर म्हणाले, "शब्द गेला तर चालेल, बाई. तास जाऊ द्यायचा नाही. मला तुमचं इंग्रजी शिकवा."

मुलांची शाळा सुटल्यावर, गावात ज्यांचा शब्द आखाड्यात खाली पडत नसे ते मास्तर माझ्या वर्गातल्या बाकावर बसून "राइट टर्न" घोकीत. त्यांच्या तोंडून ते "राट टन" निघे. मी सिस्टरांचे लेकरू, उच्चाराला सोडणारी नव्हे. त्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. शिकण्याची एवढी सभ्यता मी फारच थोड्या विद्यार्थ्यांत पाहिली.

पुढच्या तपासणीला मास्तरांनी निर्दोष "राइट टर्न!" दिले. रांग जागची हलली नाही. पुस्तकातला 'राइट' मुलींना येत होता, पण पायांनी इंग्रजीची एकही इयत्ता केली नव्हती. तेवढ्यात रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मार्थाने ओठ न हलवता हळूच म्हटले, "जेवना." आणि सगळी रांग खाडकन वळली. पुढच्या प्रत्येक हुकमाला तसेच झाले: आधी मास्तरांचे इंग्रजी, मग क्षणभर शांतता, मग पावलांचा एकच आवाज. डेप्युटी साहेब अतिशय खूश झाले. "हुकूम आणि हालचाल यांच्यामध्ये हा जो ठेका घेतला आहे," ते मला म्हणाले, "तो इतर शाळांनीही घ्यावा." मी जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

तो तास असा वाचवलेला आहे. त्याच तासावर भरतकामाचा रुमाल टाकायचा ठराव झाला, तेव्हा मास्तरांनी निरोप धाडला की तास राहणार नसेल तर शाल नको. कमिटीचे अध्यक्ष आप्पा वकील समजूत घालायला त्यांच्या घरी आले. दोघे तरुणपणी एकाच आखाड्यात घुमलेले. मी तिथेच होते, आणि मला जायला कोणी सांगितले नाही.

"ऐक मन्हं," आप्पा म्हणाले. "भरतकाम बी उपयोगनंच शे ना?"

"शे ना, आप्पा. बठीसन करानं काम शे. पन बठानं त्यास्ले शाळामा कशाले शिकाडानं? ते तर त्या घरमाच शिकी ऱ्हायन्यात." नुसते बसायला मुली घरीच शिकतात, त्याला शाळा कशाला, असा मास्तरांचा सवाल होता.

"आनि तू गया म्हंजे शिकाडी कोन?"

"मार्था."

मार्थाबाई आता खांडबाऱ्याला शिक्षिका आहेत. आप्पांनी पानाचा देठ खुडला. मग म्हणाले, "तू आखाडामा बी असाच होता. पाठ टेकतच नव्हता." चार दिवसांनी ठराव मागे घेतल्याचे कळले. कमिटीच्या या शहाणपणाबद्दल मी तिचे अभिनंदन करते. उशिरा आलेल्या मुलीलाही आपण वर्गात घेतोच.

मार्थाबाई जूनपासून आमच्या शाळेत येऊन मुलींचा तास घेणार आहेत. परवा त्या मास्तरांच्या पाया पडायला आल्या, तेव्हा मास्तरांनी त्यांच्याकडे एक परवानगी मागितली. "सकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसेन म्हणतो. मध्ये बोलणार नाही."

मार्थाबाई म्हणाल्या, "माझ्या तासाला कोणी बसत नाही, मास्तर. उभं राहावं लागेल."

मास्तर हसले आणि कबूल झाले. परमेश्वराने त्यांना पुष्कळ वर्षे तसेच, ताठ आणि निरोगी, उभे ठेवावे.