बांगड्यांची हाक

आज माझ्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असते. नातू म्हणतो, "आजी, तू बोलत असली की फोनची गरजच नसते." त्याला काय सांगू, की याच तोंडाची बाई एकदा, समोर एका माणसाचा जीव धोक्यात दिसत असताना, ओरडायचं सोडून बांगड्या वाजवत उभी राहिली होती! तीन लेकरांची आई होते मी तेव्हा. लहान होते, अक्कल नव्हती, असं म्हणायलाही जागा नाही.

तो माणूस म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि नाव तर स्वप्नातही घ्यायचं नाही. नेम त्यांनाही होतेच. ओसरीवर पाय ठेवण्याआधी खोकायचं, आणि सुनेच्या बांगड्या ऐकू आल्या की तोंड फिरवून बाजूला व्हायचं, म्हणजे ती मोकळेपणी पुढं जाईल. त्यांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, जेवण आमच्यातच. पण इतक्या वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भाजी खारट झाली तर ते मांजराला सांगत, "मांजरबाई, आज मिठाची बरणी सांडली वाटते." मग मीही मांजराकडं बघून पुटपुटायची, "ज्याले खारट लागते त्यानं पाणी प्यावं." मांजर बिचारी आळीपाळीनं दोघांकडं बघायची.

देवरीकडच्या जंगलात तोड झाली, की उतारावरचे, नाल्यातले ओंडके रस्त्यापर्यंत ओढून आणायचं काम भासरे घेत. त्यासाठी त्यांनी लष्कराची लिलावात निघालेली जुनी जीप घेतली होती. वर टप नाही, बाजूला दारं नाहीत, मागं लोखंडी हूक आणि हुकाला साखळी. जिथं ट्रॅक्टर अडायचा तिथं ही जीप धूर ओकत, कण्हत, सागाचा ओंडका ओढून वर चढायची. तिला ते "म्हातारी" म्हणत. गडी घाई करू लागले, की म्हणत, "घाई असंन त पायी जा बाप्पा. म्हातारीले घाई समजत नाही." ओंडका कुठं अडकला तर बाकीचे शिव्या घालायचे, हे मात्र खाली उतरून तेंदूच्या पानाची विडी वळायचे. "लाकूड रुसलं हाये. जलम इथंच गेला त्याचा. जाताना थोडं रुसू द्या ना!"

साधे वगैरे नव्हते हो ते. जीपच्या आरशात बघून दिवसातून चारदा भांग पाडायचे, आणि गोंदियात कोणी भेटलं की छाती फुगवून, "स्टेअरिंग अपने हाथ में है, डर कायका?"

तो उन्हाळ्याचा शेवट होता. पाऊस लागायच्या आत नाल्यातले ओंडके वर काढायचे होते. मी भाताची टोपली घेऊन पायवाटेनं पोचले, तेव्हा जीप उतारावर उभी होती, मागच्या चाकाखाली दगड लावलेला. जीपच्या मागं, खालच्या अंगाला, भासरे वाकून ओंडक्याला साखळी आवळत होते. आमचे हे आणि गडी नाल्याच्या पलीकडं. आणि मला दिसलं, चाकाखालचा दगड सुक्या पाचोळ्यावरून हळूहळू सरकत होता.

ओरडायचं, पण काय म्हणून? नाव घेता येत नाही. "अहो" म्हणावं तर ते नवऱ्याचं. जीप सरकत होती आणि ही शहाणी मनात शब्द शोधत होती! शेवटी मी टोपली टाकली, दोन्ही हात वर केले आणि जीव खाऊन बांगड्या खणखणवल्या.

भासऱ्यांनी ऐकलं. आणि आयुष्यभर केलं तेच केलं. माझ्याकडं न बघता तोंड फिरवलं, आणि मला वाट मोकळी व्हावी म्हणून बाजूला झाले. ओंडका आणि मागचा झाडाचा बुंधा यांच्या बरोबर मधोमध.

मग मात्र मी ओरडले. सारं जंगल ओरडलं असं वाटलं. पण तोवर जीपनं ओंडक्याला रेटलं होतं. गड्यांनी लोखंडी सब्बल खाली घालून ओंडका हलवला, तेव्हा त्यांचा डावा पाय ओळखू येत नव्हता. गोंदियाच्या दवाखान्यात तो गुडघ्याखालून काढावा लागला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "ब्रेक गेला म्हातारीचा." मी पडद्याआड उभी राहून ऐकायची. दगड सरकताना मी पाहिला होता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही मी सांगितलं नाही.

पावसाळा गेला. लाकडी पाय बसला, पण त्या पायाला क्लच कळेना. कधी दाबला जाई, कधी नुसताच घसरे. काठीनं दाबून पाहिला, तर गिअर टाकायला हात उरेना. आमचे हे मागं साखळी सांभाळत, त्यांना पुढं बसता येत नव्हतं. एक गडी बसवला, तर त्याच्याशी भांडण. मग भासरे रोज संध्याकाळी गोठ्याजवळ उभ्या जीपमध्ये जाऊन नुसते बसू लागले. भांग पाडणं बंद झालं. एक दिवस भंगारवाला येऊन म्हातारीला ठोकून बघून गेला. "नेऊन टाक उद्या," एवढंच ते म्हणाले आणि जेवायला उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला यायच्या आत मी जाऊन जीपमध्ये बसले. ते सकाळपासूनच स्टेअरिंगपाशी बसून होते. मी त्यांच्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन, पाय लांबवून क्लचवर.

त्या दिवसापासून कितीतरी वर्षं मी त्यांचा डावा पाय होते. ते म्हणायचे, "दाब." मी दाबायची. "सोड." सोडायची. पहिल्याच आठवड्यात क्लच सोडून ब्रेक दाबला, तर त्यांचं कपाळ काचेवर. कपाळ चोळत म्हणाले, "मांजरबाई, ब्रेक माझ्या वाट्याचा हाये!" गावात बायका नाकाला पदर लावायच्या. एकीनं विहिरीवर विचारलंच, "भासऱ्याच्या बाजूले बसून राहिली तू, लाज नाही वाटत का वं?" मी म्हटलं, "हाये ना लाज. तिले मागं साखळीवर बसवलं हाये."

पुढं तोड कमी झाली, त्यांची छाती भरू लागली, आणि एका हिवाळ्यात ते गेले. सरणाची लाकडं म्हातारीनंच ओढून आणली. स्टेअरिंगवर आमचे हे होते, दोन्ही पाय धडधाकट. तरी मी शेजारी बसले होते आणि प्रत्येक चढावर माझा पाय आपोआप पुढं जात होता. ह्यांनी ते पाहिलं.

पण मला राहून राहून आठवतो तो पहिला दिवस. मी क्लचवर पाय ठेवला, तरी त्यांनी किल्ली फिरवली नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. "दगड सरकताना पाहिला होता मी. हाक नाही मारली."

त्यांनी विडी वळली, पेटवली नाही. मग, मांजराला नाही, मला म्हणाले,

"मले मालूम हाये. अशा बांगड्या कोणी रस्ता मागाले वाजवत नाही, हे समजलं होतं मले. तरी तोंड फिरवलं मी. तू एकटी येडी नाहीस बाई, आपण दोघंबी येडे. आता आयक. माझं नाव रूपचंद हाये. दगड सरकला की जोरात घेजो. चल, दाब."