पाहुण्यासाठी अंथरलेल्या गाद्या

रस्मियाचं घर म्हणजे डोंगरात कोरलेली गुहा. हेब्रॉनच्या दक्षिणेला अशी घरं पुष्कळ. तिच्या आजेसासऱ्याने छिन्नीने कोरलेलं; मागच्या ओट्यावर माणसं, पुढे शेळ्या. समोरच्या टेकडीवर, गावाची जमीन बळकावून, वसाहतवाल्यांची लाल कौलं आली ती चाळीस वर्षांपूर्वी. त्यांच्या कोंबड्यांनासुद्धा नळ आहे, वीज आहे. तो नळ रस्मियाच्या दाराखालून जातो, पण तिला त्यातला थेंब नाही. वर त्यांची पोरं जाता-येता ओरडतात, "ए जनावरांनो, चालते व्हा!" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

यंदा त्यांच्याच लष्करी कचेरीची नोटीस लागली. हा गोठा बेकायदा, बुजवणार. वकीलबाई दीमा धावत आली.

"हारिसच्या आई, मंगळवारी अधिकारी पाहणीला येतोय. गुहेत माणसं राहतात हे त्याला दिसलं पाहिजे. दिसलं तर घर वाचेल."

"माझ्या घरी येतोय?" रस्मियाने बाह्या सरसावल्या. "मग बघच तू!"

झालं! बाई तीन दिवस टेकली नाही. तिथली रीतच अशी, परका पुरुष आला तर त्याला बसवायचं दाराबाहेरच्या पाहुण्यांच्या तंबूत, घरातल्या सगळ्यात चांगल्या गाद्यांवर. दुश्मन असला तरी. तिने गुहेतल्या अकराच्या अकरा गाद्या तंबूत नेल्या. उशा, सतरंजी, शेगडी, कंदीलही नेला. सुना-नातवंडांना नणंदेकडे धाडलं, परक्याची नजर नको म्हणून. शेळ्या चरायला गेलेल्या. गुहेत राहिली ती दोन दिवसांची तीन करडं, थंडीने मरू नयेत म्हणून.

हारिस म्हणाला, "आई, एखादी गादी तरी आत राहू दे की."

"आणि पाहुण्याला काय दगडावर बसवू? लाज घालवशील माझी!"

अधिकारी आला. रस्मिया वेलदोड्याची कॉफी घेऊन तंबूच्या दारात उभी. "या, बसा बाबा." त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो सरळ गुहेत शिरला, करडांचे फोटो काढले आणि गेला. कॉफी तशीच निवली.

आठवड्याने दीमाने कागद वाचून दाखवला. 'आत अंथरूण नाही. शेळ्या आहेत. जनावरांचा गोठा.'

रस्मियाने तंबूकडे बोट दाखवलं. "अगं, त्याच्यासाठीच तर काढल्या होत्या गं गाद्या! तंबूत डोकावलासुद्धा नाही मेला?"

दीमाने अपील केलं. ते फेटाळलं गेलं.

बुलडोझर येणार त्या दिवशी पहाटेपासून रस्मियाने सगळ्या गाद्या परत आत वाहिल्या. ओट्यावर ओळीने अंथरल्या. नातवंडांची पांघरुणं, दप्तरं, मेलेल्या नवऱ्याचा कोट, सगळं उघड्यावर मांडलं. जन्मात कुणा परक्याला दाखवलं नव्हतं ते.

भोंग्यावरून आवाज आला, "जनावरं बाहेर काढा!" माणसांचं नाव नाही. हारिसने शेळ्या हाकलल्या. रस्मिया ओट्यावरून उठेना, तेव्हा एक शिपाई आत आला. विशीतला असेल.

"बघ बाळा," ती म्हणाली, "मोज हवं तर. अकरा आहेत. ही माझी, ही धाकट्या नातीची. माणसं राहतात ना इथे?"

त्याने पाहिलं. गाद्या पाहिल्या, दप्तरं पाहिली, मग खिशातला कागद पाहिला.

"इथे गोठा लिहिलंय," तो म्हणाला, आणि तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

मशीनने दोन धडकांत तोंड बुजवलं. गाद्या आतच राहिल्या.