पोलिसाच्या मनगटावरचा दोरा

सेंगदा माझ्या दुकानात आली की भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसायची. मी चिडवायचे, "कुणाची वाट बघतेस गं? नवरदेव येणारे का?" ती म्हणायची, "मावशी, नवरदेव पाठीमागून आला तरी चालेल. बाकीचे समोरून आलेले बरे."

बाकीचे म्हणजे पोलीस. माझ्या खाव सोयच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडलच्या, दुकानासमोर गाण्याचं, कराओकेचं दुकान होतं, तिथे ती कामाला होती. परवाना बिअरचा आणि गाण्याचा. त्यापुढे जे चालायचं तो कायद्याने गुन्हा, हे थायलंडच्या उत्तरेला, चिआंग रायच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि तरी ते चालतं हेही ठाऊक होतं. गावच्या ठाण्याची माणसं दर महिन्याला येऊन, हसून, पाकीट घेऊन जात. त्यांची भीती नव्हती. भीती होती ती शहरातून येणाऱ्या पथकाची. ते साध्या कपड्यात गिऱ्हाईक बनून येतात, नोटांचे फोटो आधीच काढून ठेवतात, आणि नोट हातात पडली की ओळखपत्र बाहेर काढतात.

या कायद्यातली मेख सेंगदाला तोंडपाठ होती. बाई एकटी सापडली तर किरकोळ दंड, संध्याकाळी घरी. पण तिने दुसरीला नुसता फोन करून बोलावलं, तरी ती दलाल ठरते. बोलावलेली बाई स्वतःच्या पायांनी आलेली असो, तिशी उलटलेली असो, कायद्याला फरक पडत नाही. दलालाला तुरुंग. म्हणून सेंगदाचा नियम होता: अनोळखी माणसासाठी कुणालाही हाक मारायची नाही. ओळखीचा असेल, तर गोष्ट वेगळी. आणि जिला बोलावलं तिने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन बोलावणारीला एक वाडगा खाव सोय खिलवायचा, हा त्या बायकांचा आपापसातला रिवाज. धंदा म्हणा, मैत्री म्हणा, मला त्यात फरक कधी दिसला नाही.

चौतीस वर्षांची होती ती. नवरा दक्षिणेला मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच. तिची आई, जिला सगळे इनकेव आजी म्हणतात, डोंगराच्या पायथ्याशी एकटी राहायची. तिच्या घरावरचं पत्र्याचं छप्पर सेंगदाने घातलं. पैसे कुठून येतात हे आजीने कधी विचारलं नाही. त्या थंडीत सेंगदाने ठरवून टाकलं होतं, सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाला घरी जायचं ते परत यायचंच नाही. आईचे गुडघे गेले होते. मला म्हणाली होती, "आता डुकरं पाळीन. ती निदान रात्री गाणी म्हणत नाहीत."

आता दोरा बांधलेल्या त्या माणसाचं सांगते.

भाताची कापणी आटोपली त्या सुमारास आजीच्या घरापुढच्या वळणावर एक तरुण मोटरसायकलवरून पडला. कोमक्रित नाव. हात मोडला नाही, डोकं फुटलं नाही, पण अंग थरथरत होतं, अन्न जाईना. आजीने त्याला घरात घेतलं. कुठे असतोस विचारलं तर म्हणाला, शहरात, सरकारी नोकरी. आजीला वाटलं, पाटबंधाऱ्याकडचा असेल.

माणसात बत्तीस जीव असतात असं आम्ही मानतो. माणूस दचकून पडला की त्यातला एखादा तिथेच रस्त्यावर राहतो, आणि तो परत येईतो अंगाला चैन पडत नाही. ते काम आजीचं. ती मासे धरायची झोळणी घेऊन लंगडत त्या वळणावर गेली, रस्त्याची धूळ झोळणीत भरल्यासारखं केलं, "चल रे बाळा, घरी चल, चिकट भात वाफाळतोय, अंडं उकडलंय," असं हाका मारत त्याचा जीव घरी आणला. मग पांढरा दोरा त्याच्या मनगटावर बांधला, तीन गाठी मारून. शेवटची गाठ ती उलटी मारते, तशी आमच्या भागात दुसरं कुणी मारत नाही. तो दोन घास जेवला आणि शांत झोपला. ज्याचा जीव आपल्या चुलीपाशी बोलावला तो घरचा होतो. तो त्या घराचं वाईट करत नाही. याला कुणी कायदा म्हणत नाही, पण आमच्यात तो मोडलेला मी तोवर पाहिला नव्हता.

सेंगदा त्या दिवशी घरी नव्हती. आजीने फोनवर तिला सगळं सांगितलं, आणि तिने मला. "आईला आता मुलगा झालाय म्हणे," असं म्हणून हसली.

महिनाभराने एका दुपारी गाण्याच्या दुकानात दोन माणसं आली. मला माझ्या चुलीपासून सगळं दिसत होतं. त्यातल्या तरुणाने बिअरचा ग्लास उचलला तेव्हा बाही वर सरकली, आणि सेंगदाला दोरा दिसला. मळलेला, पण शेवटची गाठ उलटी. तिने त्याचा हात धरून विचारलं, ही गाठ कुणाची? त्याने वळणाचं, आजीचं, अंड्याचं सगळं सांगितलं. अरे, ती माझी आई, म्हणत ती इतकी खूश झाली की रस्ता ओलांडून माझ्याकडे आली आणि त्याच्यासाठी जास्तीचं लोणचं घेऊन गेली. जाताना म्हणाली, "मावशी, माझा भाऊ आलाय बघ."

त्या घटकेला त्याला कळलं होतं ही कोणाची मुलगी. हे लक्षात ठेवा, कारण मी ते कधी विसरणार नाही. तो उठून जाऊ शकत होता. दुकान रिकामं आहे, कुणी भेटलं नाही, असं सांगायला त्याला काय जड होतं?

तो म्हणाला, मला नको, पण माझ्या या मित्राला सोबत हवी आहे, तुझ्या ओळखीत कुणी आहे का. भाऊ विचारतोय म्हटल्यावर नियम कसला? तिने फोंगचानला फोन केला. फोंगचान तिची जुनी मैत्रीण, मागच्या गल्लीत राहायची. ती केस विंचरून हसत आली. मित्राने तिच्या हातात नोटा ठेवल्या, आणि कोमक्रितने उठून दार लावलं.

दुकानाचा शेठ त्या दुपारी नेमका गावाबाहेर होता. कसा, ते सगळं गाव जाणतं आणि कुणी बोलत नाही.

ते सेंगदाला गाडीत बसवत असताना मी रस्त्यावर धावले. तिने आरडाओरडा केला नाही. कोमक्रितकडे बघून एवढंच विचारलं, "दोरा खरा होता ना रे?" तो म्हणाला, "खरा होता, ताई. कामही खरंच आहे." तो निर्लज्जपणे बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो मान खाली घालून बोलला. केसाने गळा कापणारे असेच मान खाली घालून कापतात.

पण खरा घाव पुढे होता. कागदावर त्या दोघींसाठी दोनच जागा होत्या, एक पीडितेची आणि एक दलालाची. फोंगचानला त्यांनी शहरातल्या आसऱ्याच्या घरात नेलं. आसरा कसला, दाराला बाहेरून कडी. शिवणकाम शिकवलं, रोज गोड बोलून समजावलं की तू निर्दोष आहेस, तुला फसवलं गेलं, तेवढं सांग आणि घरी जा. नाही सांगितलं तर तूही आरोपी. तिची आई अंथरुणाला खिळलेली, एकटी.

सेंगदाला खात्री होती की फोंग खरं सांगेल. जामिनावर सुटून ती माझ्याकडे यायची, भिंतीला पाठ लावायची सोडून दिली होती, कुठेही बसायची. म्हणायची, "तिने एवढंच सांगायचंय की मी एक पैसा घेतला नाही. ते तर खरंच आहे. वकील म्हणाला, फायदा घेतला नाही हे दिसलं तर न्यायाधीश नरमाईने घेतील, तुरुंग टळेल. सोंगक्रानपर्यंत सगळं मिटेल."

कोर्टात मी आजीला घेऊन गेले. फोंगचान उभी राहिली, आसऱ्यातच शिवलेला निळा झगा घालून. सरकारी वकिलाने विचारलं, बोलावण्याबद्दल सेंगदाला काय मिळायचं?  फोंगचान फरशीकडे बघत म्हणाली, "दर वेळी एक वाडगा खाव सोय. मला द्यावाच लागायचा." द्यावाच लागायचा! माझ्या दुकानात दोघी एका वाडग्यात चमचे घालून हसायच्या, कुणी कोणाला दिलं हे मलाही कळायचं नाही. त्यांनी कागदावर लिहिलं, नियमित मोबदला. नूडल, कोंबडी, वर तळलेला चुरा, सगळं कायद्यात गेलं.

सेंगदाने त्या पोलिसाकडे पाहिलंच नाही. ती फोंगचानकडे बघत होती. माझ्या शेजारी आजी हळूच विचारत होती, "बुआचुम, ही पोरगी आपल्याकडे भात लावायला यायची तीच ना?" मी म्हटलं, "तीच."

दीड वर्षाची शिक्षा झाली.

बाहेरच्या पडवीत पाच मिनिटं भेट दिली. आजीने कमरेच्या पिशवीतून दोरा काढला. सेंगदाने हात पुढे केला. आजी पुटपुटत बांधू लागली, चल गं, घरी चल, भात वाफाळतोय. तिसरी गाठ उलटी मारून झाली आणि तुरुंगाची शिपाईण पुढे आली. चांगल्या घरातली वाटत होती, आवाजही मऊ होता. म्हणाली, "आजी, आत दोरा नेता येत नाही. नियम आहे." आणि कात्रीने तो कापला. आमच्यात हा दोरा कापत नाहीत, सोडवतात. ते तिलाही ठाऊक असणार, तीही उत्तरेचीच. तिने तुकडे गोळा करून आजीच्या हातात दिले. सेंगदा आईला एवढंच म्हणाली, "छपराचा पुढचा कोपरा गळतो, सणाआधी बघून घे." मग तिला नेलं.

जिन्यावर कोमक्रित उभा होता. गणवेश कडक इस्त्रीचा, आणि बाहीखाली आजीचा दोरा, करडा पडलेला, पण शाबूत. त्याने आजीला वाकून हात जोडले आणि आई म्हणाला. खाल्ल्या घरचे वासे मोजून झाले होते, आता नमस्कार. मी तोंड उघडणार तोच आजीने त्याचं मनगट धरलं. अंगठ्याने गाठ चाचपली आणि नखाने सोडवायला लागली.

त्याने हात मागे ओढू पाहिला. घाबरला होता. म्हणाला, "आई, राहू द्या ना. मला रोज त्याच वळणावरून जावं लागतं."

 आजीने हात सोडला.

"ठेव," ती म्हणाली. "एकदा घरात घेतलेल्याला मी बाहेर काढत नाही. मला ते येत नाही. तुम्हा लोकांना येतं."

तिच्या जागी मी असते तर दातांनी तोडला असता, जिन्यावरच. अजूनही तो माझ्या दुकानासमोरून जातो तेव्हा माझ्या हातातली पळी जड होते. फोंगचान सुटून आली. एकदा दुकानात आली, उभी राहिली. तिच्या आईची दशा मला माहीत आहे, तिला माझ्या मनात फाशी नाही. पण खाव सोय संपलं म्हणून सांगितलं, आणि पातेलं तिच्या समोरच भरलेलं होतं. ती आल्या पावली परत गेली.

सोंगक्रानला मी डोंगराखाली आजीकडे गेले. छपराचा कोपरा गळतच होता. माणूस समोर नसलं तर त्याच्या कपड्यावरून जीव बोलावतात. आजीने सेंगदाची लांब बाह्यांची जांभळी चोळी सुपात ठेवली होती, शेजारी भात आणि अंडं. झोळणी घेऊन ती दारापर्यंत गेली, हाका मारून आली, आणि चोळीच्या बाहीला दोरा बांधायला बसली. कापड मऊ, आत काहीच नाही. गाठ आवळली की बाहीच गोळा व्हायची, दोरा सरकून खाली यायचा. तिने पुन्हा बांधला. पुन्हा सरकला. तिने तिसऱ्यांदा बांधायला घेतला.

मग मी त्या बाहीत माझा हात घातला आणि मनगट तिच्यापुढे धरलं, गाठ बसेपर्यंत.