नाना टास्मानियात येतात

धड झोप म्हणावी अशी ती नसतेच. पावसानं सफरचंदांची तोडणी दुपारीच बंद पडलेली, खांदे ठणकतायत, आणि प्रांजल गुंजाळ चिखलाचे बूट कॅरव्हॅनच्या दाराशी काढून तशीच आडवी पडलीय. हातात फोन. फोनवर भरून ठेवलेला फॉर्म, आणि त्याच्याखाली एक निळं बटण. ते दाबलं की टास्मानियातलं आणखी एक वर्ष पदरात. नाही दाबलं तर बुधवारचं मुंबईचं विमान. व्हिसा गुरुवारी संपतो, म्हणजे ठरवायचं ते आजउद्यातच. आणि ही बाई गेले आठ दिवस नुसती बटणाकडे बघत बसलीय.

आता यात एवढं अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. पाठीवर पिशवी टाकून निघालेली पोर, वर्षभर द्राक्षं तोडली, चेऱ्या तोडल्या, हॉस्टेलातले संडास घासले, समुद्रकिनारे पालथे घातले. अजून राहायचंय तर राहा, नाहीतर ये घरी! पण मध्ये एक कावळा आहे, त्याचं काय करायचं?

झालं असं, की फेब्रुवारीत नाना, म्हणजे तिचे वडील, गेले. संगमनेरजवळच्या गावात, दूध डेअरीत, खुर्चीत बसल्या बसल्या. तीस वर्षं त्यांनी त्याच खुर्चीत बसून गावाच्या दुधाचं फॅट लावलं, म्हणजे दुधाचा कस मोजला. दुधात पाणी घालणाऱ्याला ते किटलीच्या आवाजावरून ओळखायचे, आणि सख्ख्या भावाचं दूधसुद्धा दोनदा तपासायचे. प्रांजलला यायला जमलं नाही. तिकीट मिळालं नाही, असं तिनं कळवलं.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. प्रांजलच्या आईला सांभाळू, म्हणून झालं. डेअरीची खुर्ची रिकामी ठेवणार नाही, म्हणून झालं. तास गेला, सव्वा तास गेला. मग विलासकाकांनी, नानांच्या धाकट्या भावानं, खिशातून फोन काढला, व्हिडिओवर प्रांजलला घेतलं आणि पिंडासमोर धरलं. "बोल गं. वर्ष संपलं की घरी येईन, म्हण. तुझ्यातच जीव अडकलाय त्याचा."

ती बोलली. नाना, मी वर्ष संपलं की घरी येईन. आणि मेला कावळा लगेच झेपावला की! सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. फोन वळवताना काकांनी काम फत्ते झाल्यासारखा जो चेहरा केला, तो प्रांजलच्या मनातून आजतागायत गेलेला नाही. तिला तेव्हापासून एकच शंका खातेय: हे नानांचं होतं, की काकांचं?

तर डोळा लागतो न लागतो तोच समोरच्या बाकावर नाना बसलेले असतात.

"बूट बाहेर कशाला ठेवलेस? भिजतायत ना," ते म्हणतात.

प्रांजल हलत नाही. पांघरूण तेवढं हनुवटीपर्यंत ओढून घेते. "कोण तुम्ही?"

"घ्या! बापाला विचारते, कोण तुम्ही."

"आईनंच सांगून ठेवलंय. गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर बोलावं, पण आधी खात्री करून घ्यावी."

नानांना हे फार आवडतं. ते मांडी घालून नीट बसतात. अंगात तोच राखाडी बुशशर्ट, फॅट काढायच्या ॲसिडचे थेंब उडून खिशापाशी भोकं पडलेला. प्रांजल भोकं मोजते. तीन. बरोबर आहेत, पण भोकांचं काय, ती कुणीही पाडेल.

"दहावीला मला किती टक्के पडले?"

"बहात्तर. गावात मी पंच्याहत्तर सांगितले."

"तुम्ही खोटं बोललात?"

"पोरीच्या बाबतीत बोललो. एकदाच."

हे तिला ठाऊकच नव्हतं. म्हणजे एक तर हे खरे नाना, नाहीतर तिचंच डोकं तिच्याशी लबाडी करतंय. तिचा संशय काही कमी होत नाही. नाना बशीत चहा ओततात आणि पुढे करतात. वाफ येतेय, गवती चहाचा वास येतोय, आणि सकाळपासून पोटात एका सफरचंदापलीकडे काही नाही. तरी ती मान हलवते. त्यांनी दिलेलं खायचं नाही, प्यायचं नाही, हेही आईनंच सांगितलेलं.

"शाब्बास," म्हणून नाना तो चहा स्वतःच पितात. "चल, बाहेर जाऊ."

"मी तुमच्या मागं येणार नाही."

"बरं बाई. मग बाहेरचं आत घेऊ."

ते दार उघडतात. बाहेर सफरचंदांच्या ओळी आहेत, पण दोन ओळींच्या मध्ये गाव रांगेत उभं आहे, हातात किटल्या, अंगात बागेतले पिवळे रेनकोट. कॅरव्हॅनचा ओटा म्हणजे डेअरीचं टेबल आहे, आणि ते तसंच असतं, त्यात तिला नवल वाटत नाही. नाना एकेकाचं दूध ढवळतात, वास घेतात, पुढे सारतात. रांगेत विलासकाकाही आहेत. त्यांच्या हातात किटली नाही, फोन आहे.

"नाना, काकांना विचारा," ती चढ्या आवाजात म्हणते. "त्या दिवशी त्यांनीच काहीतरी केलं ना? शेव फेकली असेल. नाहीतर हातानं खुणावलं असेल."

"शेव होती का रे विलास?" नाना विचारतात.

काका फोन तिच्याकडे धरून नुसते उभे राहतात. पायाखाली पाणी आलेलं असतं. कॅरव्हॅनची फरशी म्हणजे घाटाची पायरी, तिचा बिछाना पायरीवर, आणि नळावर एक कावळा बसलाय, मान वाकडी करून.

"तो कावळा तुम्ही होतात का?" प्रांजल विचारते. "एवढंच सांगा. तुम्ही असाल तर मी बुधवारी येते. तुम्ही नव्हतात, तर मी मोकळी."

नाना कावळ्याकडे बघतात. कावळा नानांकडे बघतो.

"अगं, त्या दिवशी घाटावर तिघांचे दहावे होते," नाना म्हणतात. "सकाळपासून दोघांचं जेवून बसलेले ते कावळे. तुझा फोन लागला तेव्हा त्यातल्या एकाला पुन्हा भूक लागली."

"खरंच?"

"तुला हेच ऐकायचं होतं ना?"

"म्हणजे हे तुम्ही सांगत नाही आहात. मीच माझ्या सोयीनं तुमच्या तोंडून वदवून घेतेय."

"असंही असेल," नाना म्हणतात, आणि हसतात. जिवंतपणी त्यांचं हे हसू बघून अख्खी रांग घामेजायची. "इतकी संशयी कशी गं झालीस तू?"

"तुमच्यावर गेलेय!"

"माझ्यावर गेली असतीस तर आधी स्वतःचं दूध तपासलं असतंस. आण तो अंगठा इकडे."

मागं जायचं नाही, दिलेलं खायचं नाही. अंगठ्याचं आई काही बोललेली नाही. प्रांजल जरा विचार करते आणि उजव्या हाताचा अंगठा पुढे करते. नानांची बोटं गार आहेत, दुधाच्या कॅनला हात लावल्यावर लागतात तशी. ते तिच्या नखावर दुधाचा एक थेंब ठेवतात. "मशीन नव्हतं तेव्हा आम्ही असंच करायचो. निर्भेळ असेल तर थेंब उभा राहतो. पाणी असेल तर पळतो. आता बोल. काय करायचंय तुला?"

"मला इथं राहायचंय," ती म्हणते. "मला इथलं काम आवडतं. इथं मला कुणी विचारत नाही, कुठं चाललीस, कधी येणार."

थेंब नखावरून ओघळून मनगटापर्यंत जातो. नाना दुसरा ठेवतात.

"बरं, मग मला घरी यायचंय. आईला माझी गरज आहे. शब्द दिलाय मी."

हाही ओघळतो. रांगेतलं कुणीतरी फिसकन हसतं. प्रांजलला संताप येतो. "तुमचं दूधच पातळ असेल! माझ्यात काय खोट काढता? दोन्ही खोटं कसं असेल?"

"दोन्हीत पाणी आहे. कशाचं ते तुलाच माहीत." नाना तिसरा थेंब ठेवतात. आता रांग नाही, काका नाहीत, कावळाही उडून गेलाय. घराची पडवी आहे, खुंटीवर नानांची नेहमीची पिशवी नाही. नुसती खुंटी आहे. प्रांजलनं ती खुंटी अशी कधीच पाहिलेली नाही, आणि तिच्याकडे तिला आत्ताही बघवत नाही.

"नाना," ती म्हणते, आणि तिचा आवाज फुटतो. "तिकीट मिळत होतं. तुम्ही गेलात त्या रात्री मिळत होतं, दुसऱ्या दिवशीही मिळत होतं. मी पाच वेळा उघडून बघितलं आणि पाचही वेळा बंद केलं. तुम्ही नसलेलं घर मला बघायचं नव्हतं. मी घाबरले. आणि सगळ्यांना सांगितलं, तिकीट नाही म्हणून. आणि वर काकांवरच संशय घेत बसले चार महिने."

ती हमसून हमसून रडते. चार महिन्यांत रडली नव्हती, ते सगळं एकदम. नाना तिला जवळ घेत नाहीत, डोक्यावर हात फिरवत नाहीत. ते फक्त तिचा हात धरून, डोळे बारीक करून अंगठ्याकडे बघतात, सकाळच्या पहिल्या किटलीकडे बघावं तसे.

"हां," ते म्हणतात. "हे चांगलंय. हे पुढे जाऊ दे."

"तुम्ही रागावलात का?"

"हात हलवू नकोस. सांडेल."

छपरावर पाऊस थांबलेला असतो. प्रांजलचे डोळे उघडे आहेत, ते कधी उघडले हे तिला सांगता येत नाही. समोरचा बाक रिकामा आहे. उशी ओली आहे, आणि उजवा हात पांघरुणाबाहेर अधांतरी धरलेला आहे.

अंगठ्याच्या नखावर दुधाचा थेंब आहे.

ती आधी छताकडे बघते. गळत नाहीये, आणि गळलं तरी दूध कशाला गळेल? कॅरव्हॅनमध्ये दुधाचा टिपूस नाही. तिच्याबरोबर राहणारी चिलीची कामिला काळी कॉफी पिते, आणि ती सकाळीच शहरात गेलीय. प्रांजल अंगठा न हलवता नाक जवळ नेते. म्हशीचं आहे. ताजं.

डाव्या हातानं ती फोन उचलते. फॉर्म अजून उघडा असतो, निळं बटण तसंच. तो बाजूला सारून ती आईला फोन लावते. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजलेत.

"काय गं? आज कामावर नाहीस?"

"आई, तेव्हा तिकीट मिळत होतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज चालू असतो, तो थांबतो.

"ठाऊक आहे मला," आई म्हणते. "विलासभावजींनी इथून चौकशी केली होती. त्यांनीच मला सांगितलं, पोरीला बोलू नका, घाबरली असेल ती."

ज्या माणसाच्या खिशात ती चार महिने शेव शोधत होती, त्यानं तिची लबाडी पोटात घातलेली.

"मग तू तरी का नाही विचारलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. मला काय कुठं जायचंय?"

"आई, मी बुधवारी निघतेय. शब्द दिला म्हणून नाही, आणि तुझ्यासाठी पण नाही. पुढं तिकडेच राहीन की परत इकडे येईन, ते मला आत्ता माहीत नाही. पण मला घर बघायचंय. नाना नसलेलं. मला भीती वाटते, तरी बघायचंय."

आई नाक ओढते. मग हळूच, पण नानांच्याच सुरात विचारते, "खरं ना?"

प्रांजल अंगठ्याकडे बघते. थेंब उभाच्या उभा आहे.

"खरं," ती म्हणते.