रिकामी फेरी

नाशिक रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात. नोकरीभर त्यांनी देशादेशांतले विमानसेवेचे करार केले. तुमची जितकी विमानं आमच्याकडे, तितकीच आमची तुमच्याकडे. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. आमच्याकडून वाटीभर खिचडी गेली की संध्याकाळी त्यांची वाटी दारात हजर. "सकाळी तुमची फेरी झाली, ही आमची!"

एकदा त्यांनी आमचा चिवडा परस्पर वरच्या मजल्यावर पोचवला. बायको भडकली. काका गंभीरपणे म्हणाले, "अगं, तिसऱ्या देशात उतरता येतं. फक्त आधी विचारायचं असतं, तेवढं राहिलं."

मध्यंतरी बायको माहेरी देवळ्याला गेली. काकांच्या वाट्या भरून येतच राहिल्या. मला चहापलीकडे काही येत नाही. रिकामी वाटी परत करू नये, हे आईनं जन्मभर बजावलेलं. तरी शेवटी एक वाटी नुसतीच धुऊन, मान खाली घालून त्यांच्या दारात उभा राहिलो.

काकांनी वाटीत डोकावून पाहिलं.

"अरे, विमान रिकामं आलं तरी फेरी धरतात," ते म्हणाले. "आता उतरलायस, तर जेवूनच जा."