सहा स्वर, तीन सूर आणि बेटम्याची चक्की

इंदूरला उतरले तेव्हापासूनच माझं लक्ष परतीच्या गाडीकडे होतं. मला एका जागी बसवत नाही, आणि काकांनी नेमकं बसूनच करायचं काम काढलं होतं. त्यांच्या भाषेच्या वहीची मुद्रणप्रत तयार करायची होती.

काकांचं सगळं आयुष्य पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात गेलं. लेथच्या खडखडाटात व्यंजनं ऐकूच येत नाहीत, म्हणून त्यांनी आणि शेजारच्या मशीनवरच्या बद्रीलालजींनी नुसत्या स्वरांची भाषा रचली. सहा स्वर, प्रत्येकाचे तीन सूर. लेखन मात्र काकांनी निवृत्तीनंतर एकट्यानेच बसवलं. सूर चढला की अक्षरावर रेघ, उतरला की खाली, सपाट असेल तर काहीच नाही.

तुकोगंजच्या त्यांच्या खोलीत पोह्यांवर जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला) घेत मी म्हटलं, "काका, एक ओळ म्हणून तरी दाखवा."

"बेटा, इथे चुपचाप बसून नाही निघत ते." मग वही मिटत म्हणाले, "बद्री भूलून गेला असेल, तर ही भाषा कसली? माझं एकट्याचं खूळच."

मी खुर्चीत चुळबुळत होतेच. त्यांना उठवलं आणि बद्रीलालजींच्या गावाची, बेटम्याची बस धरली. घाईत एक थांबा आधीच उतरलो. उरलेली वाट उन्हातून पायीच तुडवली.

बद्रीलालजींची तिथे आता चक्की (पिठाची गिरणी) आहे. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि मान हलवली. "भिया, लिखी हुई तो अपन ने कभी देखी नी. बरसों हो गए."

काकांनी वही पिशवीत घातली. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि चक्की सुरू झाली. निरोप म्हणून काका दारातून चढउताराच्या सुरांत काहीतरी ओरडले. बद्रीलालजी पाठमोरे गहू ओतत होते. न वळताच त्यांनी तशाच सुरांत लांबलचक उत्तर दिलं. काका दारातच खाली बसले.

"काय म्हणाले?" मी त्यांच्या कानाशी विचारलं.

"म्हणतो, निघालास कुठे, जेवून जा."

दाल-बाफल्यांच्या (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) त्या जेवणापायी माझी गाडी चुकली, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी परतताना मात्र एकच गोष्ट टोचत राहिली. बोलणारे दोघेच, आणि दोघेही म्हातारे.

घरी येऊन वही उघडली. शांततेत एकही सूर धड लागेना. शेवटी मिक्सर सुरू केला, काकांना फोन लावला आणि पहिली ओळ ओरडून म्हटली.

पलीकडून काका म्हणाले, "शेवटचा सूर अजून वर ने, बेटा."